टेक कंपन्यांच्या मालकांकडून छोट्या धंद्याने काय उचलायचं, आणि कसं

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं ऑफिस आहे. आठ माणसं. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. दोन्ही वेळचं दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, दरपत्रकाप्रमाणे पैसे काढायचे, पशुखाद्य आणि उचल यांची कपात करायची, दहा दिवसांनी बिल छापायचं आणि दिवाळीला दरफरक काढायचा. धाकटा भाऊ कोड बघतो, बाकी सगळं माझ्याकडे. २०१० पासून हेच चाललंय.

नवीन धंद्यात पडलेली मुलं-मुली भेटायला येतात तेव्हा हमखास विचारतात, "ताई, बेझोस, जॉब्ज, नारायण मूर्ती यांच्याकडून आपण काय घ्यायचं? त्यांचं सगळंच अवाढव्य." प्रश्न रास्त आहे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोन काढला, तो पडला, आणि एका तिमाहीत त्यापोटी सुमारे १७ कोटी डॉलरचा फटका सोसून कंपनी पुढे निघाली. आमचे १७ लाख बुडाले असते तर शटर खाली आलं असतं. त्यामुळे या माणसांनी घेतलेले निर्णय जसेच्या तसे उचलू नका. निर्णयाच्या आधी त्यांनी स्वतःला कोणता प्रश्न विचारला होता, तो शोधा आणि तो उचला. गेली काही वर्षं मी हेच करते. ज्या प्रश्नांनी आमचा धंदा खरोखर बदलला तेवढेच इथे सांगते, आणि ते तुमच्या धंद्याला लावायचे कसे तेही.

गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसा

एअरबीएनबी म्हणजे लोकांची राहती घरं प्रवाशांना भाड्याने मिळवून देणारी साइट. २००९ मध्ये तिची आठवड्याची कमाई २०० डॉलरवर अडकली होती. नव्या कंपन्यांना पैसा आणि सल्ला देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या पॉल ग्रॅहम यांनी संस्थापकांना विचारलं, तुमची गिऱ्हाइकं कुठे आहेत? न्यूयॉर्कला. मग तुम्ही इथे कॅलिफोर्नियात काय करताय? ब्रायन चेस्की आणि जो गेबिया न्यूयॉर्कला गेले, घरोघर फिरले. साइटवरचे फोटो अंधारे, कसेबसे काढलेले होते. त्यांनी कॅमेरा भाड्याने घेऊन ते स्वतः नव्याने काढले. कमाई दुप्पट झाली.

आपल्याकडचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. अँटीव्हायरस करणाऱ्या क्विक हीलचे कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून उभी राहिलेली कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. काय विकायचं हे त्यांना दुकानातल्या टेबलावर उघडून ठेवलेल्या मशीनने सांगितलं.

माझी सकाळ सांगते. करवीर तालुक्यातली एक संस्था, पहाटे साडेपाचची वेळ. सॉफ्टवेअर किचकट आहे म्हणून तिथल्या सचिवांचा तिसरा फोन आला होता. आम्हाला ते किचकट वाटत नव्हतं, ऑफिसात बसून आम्ही एका मिनिटात तीन नोंदी करून दाखवायचो. मी जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. किटल्या घेऊन वीसेक बाया रांगेत. सचिवांचे हात दुधाने ओले, म्हणून कीबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. लिटर आणि फॅट ते उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर भराभर मारायचे, आणि मग थांबायचे. "सेव्ह" करायला आमच्या सॉफ्टवेअरला माउस लागत होता. ते उपरण्याला हात पुसायचे, माउस धरायचे, क्लिक करायचे, पुन्हा पुढची किटली. प्रत्येक नोंदीला हात पुसणं. मी मध्ये काही बोलायला गेले तर म्हणाले, "ताई, जरा सरका, लाइन थांबलीया."

त्या आठवड्यात भावाने सगळी नोंद फक्त आकडे आणि एंटर यांच्यावर आणली. एका नोंदीला चाळीस सेकंद लागायचे तिथे बारा लागायला लागले. हात पुसण्याबद्दल फोनवर आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती तक्रार आहे हे त्यांनाही वाटत नव्हतं.

तुम्ही जाल तेव्हा गर्दीच्या वेळी जा. लॅपटॉप उघडू नका, काही दाखवू-समजावू नका. एक तास फक्त बघा आणि तीन गोष्टी वहीत टिपा: त्यांचा हात कुठे थांबतो, तुमची वस्तू बाजूला सारून ते कागद-पेन कधी घेतात, आणि अडलं की पहिला फोन कुणाला करतात. महिन्यातून एक सकाळ पुरे. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला एका संकलनाला पाठवते, कोड नंतर.

एका गिऱ्हाइकाचा वाटा किती?

या प्रश्नावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तो वेळेवर विचारला नाही म्हणून मी दागिने गहाण ठेवले.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर, हे सगळ्यांना पाठ असतं. १९९५ ची गोष्ट मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. एक अवाढव्य परदेशी कंपनी तेव्हा इन्फोसिसला २५ टक्के उत्पन्न देत होती. तिने भारतातल्या पुरवठादारांना बंगळुरूच्या एका हॉटेलात बोलावलं आणि दर पाडून मागितले. त्या दरात काम केलं तर दर्जा राखता येणार नव्हता, चांगली माणसं टिकणार नव्हती. इन्फोसिसने नाही म्हटलं. पाव उत्पन्न एका दिवसात हातचं सोडलं. मूर्तींनी ही गोष्ट पुढे जाहीर भाषणात सांगितली आहे, आणि मला त्यातला नकारापेक्षा नंतरचा भाग मोलाचा वाटतो. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच तंत्रज्ञानावर, एकाच देशावर, एकाच क्षेत्रावर किंवा एकाच माणसावर कंपनी फार टेकलेली राहणार नाही यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था त्यांनी बसवली.

आमचं २०१६ साली काय होतं? एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून वर्षाच्या पैशातले ४३ टक्के यायचे. मला त्याचा अभिमान होता. भिंतीवर त्यांच्या कार्यक्रमातला फोटो होता. मग त्यांच्याकडचा अधिकारी बदलला. नवीन अहवाल हवेत, फुकट हवेत, उद्या हवेत. बिलं "टेबलावर आहेत" असं सात महिने ऐकलं. पगाराची तारीख आली की मी आदल्या रात्री झोपायची नाही. दोन पगार सोनेतारण कर्जावर केले. आईच्या पाटल्या होत्या त्या. पैसे शेवटी आले, पण त्या सात महिन्यांत मी त्यांना एकदाही ठामपणे काही बोलू शकले नाही, कारण ४३ टक्के समोर बसलेले असताना आवाज निघत नाही.

हिशेब असा करा. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या. बिलांची वही नको, खात्यात खरोखर आलेले पैसे घ्या. गिऱ्हाइकवार बेरीज करा, मोठ्यापासून छोट्याकडे लिहा, प्रत्येकापुढे टक्केवारी काढा. २५ टक्क्यांच्या खाली एक आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर कुणी असेल तर तीन कामं लगेच करा.

पहिलं, त्या गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा कागदावर ठरवा आणि ती ओलांडली की नवीन काम थांबेल असं करारात घाला. दुसरं, त्याने उद्या सोडलं तर पगार किती महिने निघतील हे मोजा. तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत स्वतःसाठी जास्तीचं काढू नका. तिसरं, छोटी गिऱ्हाइकं जोडा, आणि त्यासाठी एक माणूस मोकळा करा. मोठ्या गिऱ्हाइकाच्या कामातून काढून करा, कारण दुसरीकडे माणूस शिल्लक नसतोच. आम्ही गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या शंभर-दीडशे लिटरच्या संस्था घ्यायला लागलो. एकेकीकडून वर्षाला थोडेच हजार यायचे, पण वेळेवर यायचे. तीन वर्षांत त्या मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा १९ टक्क्यांवर आला. त्यांचं काम कमी झालं नव्हतं, बाकीचं वाढलं होतं.

जाता जाता आणखी एक. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी "उद्यम" नोंदणी केली नसेल तर करून टाका, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. मी आजवर तक्रार केलेली नाही, पण प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापते. ती ओळ छापायला लागल्यापासून वसुलीचे फोन निम्मे झाले.

परत फिरता येईल का?

ॲमेझॉनच्या बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात दोन प्रकारच्या दारांबद्दल सांगितलं आहे. काही दारांतून एकदा बाहेर पडलं की परतता येत नाही. तिथे सावकाश, चार जणांना विचारून पाऊल टाकायचं. बहुतेक दारं मात्र दोन्ही बाजूंनी उघडतात. चुकलं तर परत यायचं. कंपनी मोठी झाली की माणसं दुसऱ्या प्रकारच्या दारापाशीही पहिल्यासारखी घुटमळतात आणि कामं रेंगाळतात. पुढच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी असंही लिहिलं, की हवी असलेली माहिती ७० टक्क्यांपर्यंत हातात आली की बहुतेक निर्णय घ्यावेत.

छोट्या धंद्यात मला व्हायला हवं त्याच्या नेमकं उलटं दिसतं. परतीच्या दारापाशी आपण आठवडे घालवतो आणि जिथून परत येता येत नाही तिथून एका चहात बाहेर पडतो. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी भागीदारी तोंडी ठरवली, घर तारण टाकलं, दहा वर्षांच्या भाडेकरारावर सही केली, आणि व्हिजिटिंग कार्डाच्या रंगावर मात्र तीन बैठका घेतल्या!

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा दहा दिवसांचं रोख दूधबिल वाटायचं कसं, या विचाराने सचिव हवालदिल झाले होते. बँकेला द्यायची खातेवार यादी सॉफ्टवेअरमधून निघायला हवी होती. प्रत्येक बँकेची मांडणी वेगळी, आमच्याकडे दोनच बँकांचे नमुने. थांबलो नाही. चार दिवसांत दोन बँकांपुरती यादी दिली, चूक निघाली तर जुन्या पद्धतीवर जायचं बटण ठेवलं. चुका निघाल्याच, खातेक्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडत होतं, पण दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाल्या. आणि त्याच वर्षी बाहेरून भांडवल घेऊन अर्धी मालकी द्यायचा एक प्रस्ताव आला, त्यावर मी अडीच महिने घेतले आणि नाही म्हटलं. ते दार एकाच बाजूने उघडत होतं. बाहेरचं भांडवल न घेताही सॉफ्टवेअर कंपनी मोठी होते, हे श्रीधर वेंबूंच्या झोहोने दाखवलेलं आहेच, तेही तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या गावाकडे ऑफिस थाटून, पदवीची अट न ठेवता मुलं शिकवून तयार करून. आमचे दोन मुलगे पॉलिटेक्निकमधून आले आहेत.

परत न येणाऱ्या दारांत सॉफ्टवेअरवाल्यांनी एक कायम लक्षात ठेवावं: मालकी हक्काचं कलम. आयबीएमच्या पीसीसाठी लागणारी डॉस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतली, सगळे मिळून ७५ हजार डॉलर दिले. आयबीएमला ती देताना इतर कंपन्यांनाही विकायचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. १९८१ मध्ये तो पीसी बाजारात आला, मग इतर कंपन्यांनी तसेच कॉम्प्युटर काढले आणि प्रत्येकाला डॉस लागली. तुमच्या करारात "तयार केलेला सर्व कोड खरेदीदाराच्या मालकीचा" असं वाक्य असेल तर सही करण्याआधी ते वकिलाला दाखवा. फक्त त्यांच्यासाठी लिहिलेला भाग त्यांचा, मूळ सॉफ्टवेअर आपलं, वापरायचा परवाना त्यांना, अशी फोड करून घ्या. बहुतेक जण मान्य करतात. विचारायचं धाडस आपणच करत नाही.

उद्या दुसरं कुणी या खुर्चीत बसलं तर?

इंटेल १९६८ मध्ये सुरू झाली ती मेमरी चिप करायला. मेमरी म्हणजेच इंटेल असं ते स्वतःच मानायचे. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी दर्जात आणि किमतीत त्यांना मागे टाकलं. १९८५ च्या मध्यावर इंटेलचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह आपल्या ऑफिसात कंपनीचे प्रमुख गॉर्डन मूर यांच्यासोबत बसले होते, दोघेही खचलेले. खिडकीतून लांबवर एका करमणूक पार्कमधला आकाशपाळणा फिरताना दिसत होता. ग्रोव्ह यांनी विचारलं, आपल्याला काढून टाकलं आणि संचालकांनी नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर लगेच म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग, ग्रोव्ह म्हणाले, आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू.

ग्रोव्ह यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या या हकिगतीतल्या आणखी दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. वरचे लोक वर्षभर वाद घालत होते तेव्हा खाली कारखान्यात, ज्या मालात जास्त नफा त्याला जास्त जागा या साध्या नियमाने, मेमरीची जागा आधीच मायक्रोप्रोसेसरकडे सरकत होती. आकड्यांना कळलं होतं, माणसांना कळायचं होतं. आणि मेमरी बंद करतोय हे गिऱ्हाइकांना सांगायला ते घाबरत गेले, तर गिऱ्हाइकांना त्याचं काहीच वाटलं नाही. एक जण म्हणाला, फार वेळ लावलात की!

आमची मेमरी म्हणजे वजनकाटे. सुरुवातीला सॉफ्टवेअरला कुणी पैसे देत नव्हतं, म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक काटे आणि फॅट मशीन विकायचो, सोबत सॉफ्टवेअर. काट्यांनीच आम्हाला उभं केलं. पण २०१८ पर्यंत एका काट्यामागे जेमतेम ९०० रुपये सुटत होते आणि त्यासाठी मुलगा तीन-तीन खेपा मारत होता. दरवर्षी वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या शिक्क्याची वेळ आली की फोन आम्हालाच, कारण काटा आमच्याकडून घेतलेला. काटे बंद करू असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. शेवटी भावाला विचारलं, "आपण दोघं नसतो, हे ऑफिस आज कुणी विकत घेतलं असतं, तर त्याने सोमवारी पहिलं काय केलं असतं?" तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काटे बंद केले असते."

हा प्रश्न विचारायच्या आधी एक महिना तयारी करा, नाहीतर उत्तर मनातल्या मनात विरून जातं. प्रत्येकाला रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायला सांगा: आजचा दिवस कशावर गेला. महिनाअखेर प्रत्येक मालामागे किंवा सेवेमागे माणसांचे किती दिवस गेले ते काढा, आणि सुटलेल्या पैशाला त्या दिवसांनी भागा. आमच्याकडे काट्यांच्या कामातून माणसाच्या एका दिवसामागे ३०० रुपये सुटत होते, सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभालीतून २,६००. मग ज्याचा त्या मालाशी जीव जडलेला नाही अशा माणसाला बसवा आणि विचारा. आमच्याकडे तो भाऊ होता, काटे मी आणले होते.

एका सचिवांना सांगायला मी पन्हाळ्याच्या बाजूला गेले. मनात चार वाक्यं तयार केलेली. ते म्हणाले, "बरं झालं. आमी दोन वर्सं झाली, पेठेतनंच घेतोय."

हे सगळं एका कागदावर

ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकीत स्लाइड दाखवत नाहीत. पूर्ण वाक्यांत लिहिलेला, जास्तीत जास्त सहा पानांचा मजकूर असतो, आणि बैठकीची सुरुवात सगळ्यांनी तो गप्प बसून वाचण्याने होते. सहा पानं आमच्याकडून होत नाहीत. एक पान होतं, मराठीत. परतीचं दार नसलेला प्रत्येक निर्णय आम्ही त्यावर लिहितो: काय ठरवायचंय, कुणाच्या केंद्रावर जाऊन काय पाहिलं, पैशाचा आकडा काय सांगतो, चुकलं तर परत कसं येणार, आणि नवा मालक काय करेल. सगळी वाक्यं क्रियापदासकट. नुसते शब्द टाकले की विचार अर्धा राहिलेला लपतो. दहा मिनिटं आठही जण वाचतात, समासात पेन्सिलने लिहितात, मग बोलतात. सगळ्यात नवीन माणसाने आधी बोलायचं, मी शेवटी.

काट्यांचा कागद फाइलीत वरच आहे. माझ्या अक्षरात भरगच्च पान, बंद करायची सगळी कारणं व्यवस्थित मांडलेली. समासात भावाचे दोनच शब्द: "ताई, तारीख?" त्याच्या खाली मी लिहिलंय, ३१ मार्च २०१९. शेवटचा काटा २७ ला गेला, आजऱ्याकडच्या एका नवीन संस्थेला. तो बसवायला मी स्वतः गेले होते.